सैन्यातलं 'सिक्युरिटी क्लिअरन्स' निवृत्तीनंतर नोकरीत उपयोगी पडतं का?

वसई-विरारमधल्या माजी सैनिकाला नोकरीसाठी दोन दिशा आहेत. चर्चगेट लोकल पकडली तर मुंबई विमानतळ आणि माझगाव डॉक. डहाणू लोकल पकडली तर बोईसरजवळचा तारापूर अणुऊर्जा प्रकल्प. तिन्हीकडे पडताळणीशिवाय आत प्रवेश नाही. मग सैन्यात वर्षानुवर्षं गोपनीय यंत्रणा हाताळलेल्या माणसाचीही नव्याने तपासणी का होते?

क्लिअरन्स म्हणजे नेमकं काय?

सरकारी माहितीचे अतिगुप्त, गुप्त, गोपनीय आणि प्रतिबंधित असे स्तर असतात. सिग्नल्स, रडार, सांकेतिक संदेश अशा कामांवर नेमण्याआधी जवानाची पार्श्वभूमी तपासली जाते. पण ही परवानगी त्या कामापुरती असते. निवृत्तीबरोबर ती संपते.

अमेरिकेत चित्र वेगळं आहे. तिथे सैन्य सोडल्यावर साधारण दोन वर्षांच्या आत संरक्षण कंत्राटदाराकडे नोकरी मिळाली, तर जुनं क्लिअरन्स पुन्हा सुरू होऊ शकतं. त्यामुळे तिथे बायोडेटात त्याचं वजन पडतं. भारतात अशी सोय नाही.

मग पडताळणी कशी होते?

प्रत्येक ठिकाणी नव्याने. विमानतळाच्या प्रवेश पाससाठीही पार्श्वभूमीची तपासणी होते. खासगी नोकरीसाठी लागणारं चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र वसई-विरारकरांना मीरा-भाईंदर, वसई-विरार पोलीस आयुक्तालयाकडून मिळतं. हे आयुक्तालय 1 ऑक्टोबर 2020 पासून सुरू आहे.

सोबत काय येतं?

डिस्चार्ज बुक. त्यात सेवेचा कालावधी, ट्रेड आणि वर्तणुकीचा शेरा असतो. शिवाय काही कायदेशीर सवलती आहेत:

- राज्य सरकारच्या गट 'क' आणि 'ड' पदांमध्ये माजी सैनिकांना 15 टक्के समांतर आरक्षण.
- केंद्र सरकारच्या गट 'क' पदांमध्ये 10 टक्के आरक्षण.
- दहावी उत्तीर्ण आणि 15 वर्षं सेवा झालेल्यांना पदवीची अट असलेल्या, पण तांत्रिक अनुभवाची गरज नसलेल्या केंद्राच्या गट 'क' पदांसाठी अर्ज करता येतो.
- 2005 च्या खासगी सुरक्षा एजन्सी कायद्यानुसार सुरक्षारक्षक नेमताना एजन्सी माजी सैनिकांना प्राधान्य देऊ शकते.

बायोडेटात काय लिहायचं, काय टाळायचं?

1923 चा शासकीय गुपिते कायदा निवृत्तीनंतरही लागू असतो. त्यामुळे यंत्रणेचं नाव, तळाचं ठिकाण किंवा तांत्रिक तपशील लिहू नयेत. मुलाखतीत विचारलं तरी सांगू नयेत. 'दूरसंचार यंत्रणेची देखभाल, 15 वर्षं' एवढं पुरेसं असतं. 'क्लिअरन्स होतं' या ओळीपेक्षा कौशल्य जास्त कामी येतं.

अग्निवीरांचं काय?

2022 मध्ये जाहीर झालेल्या अग्निपथ योजनेत चार वर्षांनंतर जास्तीत जास्त 25 टक्के जवान कायम होतात. 2022 च्या अखेरीस प्रशिक्षणाला गेलेल्या पहिल्या तुकड्यांची मुदत 2026 च्या अखेरीस संपते. बाहेर पडणाऱ्यांना माजी सैनिकाचा दर्जा नाही, म्हणजे वरचं आरक्षण त्यांना आपोआप लागू होत नाही. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांत मात्र त्यांच्यासाठी स्वतंत्र राखीव जागा आहेत. गुपिते जपण्याचं बंधन त्यांनाही तेवढंच आहे. त्यामुळे सेवेत मिळालेलं कौशल्य प्रमाणपत्र हाच त्यांचा सर्वात मोलाचा कागद.