दिनविशेष : १५ नोव्हेंबर
नांगरात अडकलेला मोठ्या तोंडाचा शार्क

१९७६ साली आजच्या दिवशी हवाई बेटांजवळ अमेरिकी नौदलाच्या एका संशोधन जहाजाने आपला सागरी नांगर वर ओढला. हा नांगर लोखंडी नव्हे, तर पॅराशूटच्या कापडाचा. सुमारे १६५ मीटर खोलीवर सोडलेल्या त्या कापडात साडेचार मीटर लांब, ७५० किलो वजनाचे धूड गुंडाळलेले निघाले. कोणाच्याच ओळखीचा नसलेला शार्क! डोके फुगीर, ओठ रबरासारखे जाड आणि तोंड एवढे मोठे की नावही तसेच पडले, मेगामाउथ. जबडा मात्र फसवा. दातांच्या रांगाच रांगा, पण दात बारीक. कारण खाणे कोळंबीसारख्या इवल्या जिवांचे. पाणी तोंडात घ्यायचे, गाळायचे, उरेल ते गिळायचे.

हा ना जातीत बसेना ना कुळात. शेवटी १९८३मध्ये त्याचे ‘मेगाकॅस्मा पेलाजिओस’ असे बारसे झाले, तेही नव्या कुळासकट. दुसरा नमुना कॅलिफोर्नियाजवळ सापडायला १९८४ उजाडले. १९९०मध्ये तिथेच एकाला खूणयंत्र लावून सोडले, तेव्हा कळले की स्वारी दिवसा खोल अंधारात राहते आणि रात्री खाद्यामागोमाग वर येते.