हाफकिन जीव-औषध निर्माण महामंडळ

परळच्या हाफकिन संस्थेचा उत्पादन विभाग वेगळा काढून १९७५ मध्ये स्थापन झालेली महाराष्ट्र शासनाची कंपनी. मूळ संस्था १८९९ मध्ये वाल्डेमार हाफकिन यांनी प्लेगची लस बनवण्यासाठी उभारली. संशोधन संस्थेकडे राहिले, लसी आणि रक्तरस (सीरम) यांचे उत्पादन महामंडळाकडे आले. पोलिओची तोंडावाटे द्यायची लस हे त्याचे परिचित उत्पादन. मात्र ग्रामीण महाराष्ट्राच्या दृष्टीने सर्पविषावरील प्रतिविष अधिक मोलाचे आहे.

महामंडळाच्या पिंपरी येथील घोड्यांना नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे यांचे विष वाढत्या मात्रेत टोचतात. त्यांच्या रक्तात तयार झालेली प्रतिपिंडे शुद्ध करून प्रतिविष बनते. या चार सापांपैकी नाग व मण्यार यांची विषे मज्जासंस्थेवर आघात करतात. नागाचे विष स्नायूवरील ॲसिटिलकोलीन या मज्जासंदेशवाहक रसायनाचे ग्राहक (रिसेप्टर) अडवते. मण्यारीचे विष मज्जातंतूची टोकेच निकामी करते. म्हणून मण्यारीच्या दंशात उशीर घातक ठरतो : प्रतिपिंडे रक्तात फिरणारे विष निष्प्रभ करतात, पण इजा झालेली टोके दुरुस्त करू शकत नाहीत. श्वसनाचे स्नायू लुळे पडल्यास अशा रुग्णाला कृत्रिम श्वासोच्छ्वासावर ठेवावे लागते.

भारतीय प्रतिविषासाठीचे विष बहुतांशी तमिळनाडूतून येते आणि प्रदेशानुसार विषाचे घटक बदलतात. महाराष्ट्रातील सापांच्या विषावर आधारित प्रतिविष तयार होणे त्यामुळे निकडीचे आहे.