सरगूरची तबकडी आणि दूरचा डॉक्टर

आपल्यापैकी बरीच मंडळी नोकरीनिमित्त म्हैसुरात आली आणि इथलीच झाली. कबिनीच्या सहलीला जाताना वाटेत एच. डी. कोटे लागते, एवढीच बहुतेकांची त्या गावाशी ओळख. भारतातील दूरवैद्यकाच्या म्हणजेच टेलिमेडिसिनच्या इतिहासात या जंगलकाठच्या भागाला मानाचे स्थान आहे, हे थोड्यांनाच ठाऊक असेल. म्हणून हा लेखप्रपंच.

१९८४ साली डॉ. आर. बालसुब्रह्मण्यम व त्यांच्या मित्रांनी स्वामी विवेकानंद युथ मूव्हमेंट ही संस्था स्थापन केली. जेनु कुरुब, काडु कुरुब अशा आदिवासींत काम करीत संस्थेने सरगूरला रुग्णालय उभारले. सरगूर तेव्हा कोटे तालुक्यातच होते. २००२ मध्ये इस्रोच्या उपग्रहाद्वारे हे रुग्णालय बंगळूरच्या नारायण हृदयालयाशी जोडले गेले. ई.सी.जी. इथून जाई आणि तिथला तज्ज्ञ पडद्यावरून सल्ला देई.

पुढे २०२० मध्ये कोविड आला. छातीच्या या आजारात दवाखान्याच्या गर्दीत बसणेच धोक्याचे ठरले. टाळेबंदी लागू झाली त्याच दिवशी, २५ मार्चला, केंद्र सरकारने दूरवैद्यकाची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. नोंदणीकृत डॉक्टरला फोनवर, व्हिडिओवर वा लेखी संदेशाने सल्ला देण्याची रीतसर मुभा मिळाली. एप्रिलमध्ये ई-संजीवनी ओपीडी सुरू झाली.

स्टेथोस्कोप न लावता छाती कशी तपासायची? डॉक्टर रुग्णाला बोलते करीत. एक वाक्य दम न लागता पुरे होते का, मिनिटाला श्वास किती, हे पाहत. बोटाला ऑक्सिमीटर लावून आकडा विचारीत, सहा मिनिटे चालवून पुन्हा विचारीत. कारण या आजारात दम लागण्याआधीच रक्तातला प्राणवायू उतरू शकतो. आकडा ९४ च्या खाली गेला की घरी थांबणे धोक्याचे. या यंत्राचे मूळ तत्त्व शोधणारे जपानी अभियंते ताकुओ आओयागी नेमके एप्रिल २०२० मध्येच निवर्तले, हा एक योगायोग.

दूरसंचार खात्यात उमेदवारी केल्यामुळे मला यात एक फरक जाणवतो. सरगूरला तारेच्या दोन्ही टोकांना जाणती माणसे होती. इकडे डॉक्टर, तिकडे तज्ज्ञ. २०२० मध्ये मात्र रुग्णाच्या बाजूला बहुधा घाबरलेला नातेवाईकच असे. हाडीवर, म्हणजे आदिवासी वस्तीवर, जिथे फोनला रेंज नाही, तिथे तर आशाताईच आधार. यंत्र सल्ला पोहोचवते. प्राणवायूचे सिलिंडर आणि गाडी माणसालाच आणावी लागते.

तेव्हा वाचकहो, घरात ऑक्सिमीटर जरूर ठेवावा, श्वास मोजायला मुलांनाही शिकवावे. आणि शेजारी एकटे राहणारे आजी-आजोबा असतील, तर फोनच्या त्या टोकाचे जाणते माणूस आपणच व्हावे, ही नम्र विनंती.