आप्तस्मरणांतील विनोद

गेल्या वर्षीं आमच्या आत्याचें वर्षश्राद्ध मोडनिंबास झालें. त्या निमित्तानें तिच्या नातवंडांनीं एक लहानशी स्मरणिका छापविली आणि "तुम्ही प्राध्यापक, तेव्हां मुख्य लेख तुमचा" असें म्हणून तें काम मजकडे सोंपविलें. मीं लेख लिहिला. छापून हातीं आला तेव्हां त्यांतले तीन परिच्छेद गळालेले होते आणि त्यांच्या जागीं साध्वी, त्यागमूर्ति व वात्सल्यसिंधु हीं तीन विशेषणें येऊन बसलीं होतीं. गळालेले परिच्छेद हंसूं येण्याजोगे होते, एवढाच त्यांचा अपराध. "गेलेल्या माणसाची थट्टा बरी दिसत नाहीं, काका," असें मला सांगण्यांत आलें. मीं वाद घातला नाहीं. तो घालावयास हवा होता असें आतां वाटतें, म्हणून हा लेख.

गेलेल्या आप्ताविषयीं हंसत लिहावें कीं नाहीं, या प्रश्नाचें उत्तर मराठींत पूर्वींच देऊन झालें आहे. तें दोन स्त्रियांनीं दिलें, आणि दोघींचीं उत्तरें वेगळीं आहेत.

न्यायमूर्ति माधव गोविंद रानडे १६ जानेवारी १९०१ रोजीं वारले. रमाबाईंचें 'आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी' हें पुस्तक १९१० सालीं निघालें; त्याला प्रस्तावना गोपाळ कृष्ण गोखले यांची. १८७३ सालीं, वयाच्या अकराव्या वर्षीं, रानड्यांच्या घरांत आलेली ही मुलगी पतीच्या हाताखालीं लिहावयास-वाचावयास शिकली, पुढें इंग्रजीही शिकली, आणि त्यापायीं घरांतल्या बायकांचे टोमणे तिनें वर्षानुवर्षें सोसले. हें सारें त्या पुस्तकांत निर्भीडपणें आलें आहे. पुस्तक थोर आहे यांत शंका नाहीं. पण त्यांत कोठें हंसूं आलेंच, तर तें बहुधा लेखिकेच्या स्वतःच्या फजितीचें. पतीकडे पाहतांना तिची नजर वर होत नाहीं. रानड्यांना शिष्या मिळाली होती, आणि शिष्येनें गुरूची नक्कल करून दाखवावयाची नसते.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांना शिष्या मिळाली नाहीं, प्रतिवादी मिळाली. टिळक ९ मे १९१९ रोजीं मुंबईस वारले. पुत्र देवदत्त यांना वडिलांचें चरित्र लिहावयाचें होतें, म्हणून त्यांनीं आईस आठवणी लिहावयास सांगितलें. लक्ष्मीबाई अक्षरें शिकल्या त्या लग्नानंतर. त्यांचें लिखाण 'संजीवनी' साप्ताहिकांतून येऊं लागलें आणि 'स्मृतिचित्रें' या नांवानें त्याचे भाग १९३४ ते १९३६ या काळांत निघाले. २४ फेब्रुवारी १९३६ रोजीं त्या वारल्या. चरित्राची सामग्री म्हणून मागितलेला मजकूर कोणत्याही चरित्राहून मोठा ठरला.

त्यांतले वडील आठवा. सत्तावनच्या धामधुमींत सासऱ्यांना फांशीं जावें लागलें, आणि त्यानंतर या गृहस्थांना सोवळ्याचें असें वेड लागलें कीं घरांत येणारें मीठसुद्धां धुवून घेण्यापर्यंत मजल गेली. वाचतांना आपण हंसतों. आणि हंसतां हंसतां लक्षांत येतें कीं त्या घरांत वाढणाऱ्या मुलांना हा विनोद नव्हता. टिळकांचेंही तसेंच. राग नाकाच्या शेंड्यावर, पैसा हातांत टिकावयाचा नाहीं, मनांत आलें कीं घर सोडून चालते व्हावयाचे, आणि परत यावयाचे ते जणूं कांहीं घडलेंच नाहीं अशा थाटांत. हें सगळें बाई सांगतात आणि पदर सांवरून पुढच्या गोष्टीला लागतात.

खरी परीक्षा पुढें आहे. १० फेब्रुवारी १८९५ रोजीं टिळकांनीं मुंबईस ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्या काळच्या ब्राह्मण स्त्रीला हा प्रसंग वैधव्याहून कठीण: नवरा जिवंत आणि घर मात्र सुतकांत. ताटातुटीचीं वर्षें सुरू झालीं. त्यांतला कांहीं काळ लक्ष्मीबाईंनीं पंढरपुरांत बहिणीच्या घरीं काढला. पुढें त्या पतीकडे गेल्या. पण बाप्तिस्मा घेतला तो १९०० सालीं, स्वतःच्या विचारानें, स्वतःच्या वेळीं. हा भागही त्यांनीं त्याच आवाजांत लिहिला आहे. त्या रडतात, पण नवऱ्याच्या विक्षिप्तपणाकडे डोळेझांक करीत नाहींत. आणि विक्षिप्तपणा दिसतो म्हणून प्रेम उणें होत नाहीं. १९५० सालीं या पुस्तकाचें इंग्रजी भाषांतर निघालें, त्याला नांव दिलें 'आय फॉलो आफ्टर', म्हणजे मी मागोमाग जातें. मला हें नांव कधींच पटलें नाहीं. बाई मागून चालल्या असतील, पण पुढें चालणाराला कोठें ठेंच लागली हें मागच्यालाच दिसतें. २०१७ सालीं शांता गोखले यांनीं नवें भाषांतर केलें, त्यांत मूळचें नांव कायम राहिलें, हें बरें झालें.

'स्मृतिचित्रें' मला प्रथम वाचावयास दिलें तें आत्यानें. तिच्या प्रतीला पुठ्ठा नव्हता. "या बाईला नवरा कळला होता रे," एवढाच तिचा अभिप्राय. आत्या बार्शी लाइटच्या काळांतली. ही अडीच फुटी गाडी १८९७ सालीं बार्शीपर्यंत आणि १९०६ सालीं पंढरपुरापर्यंत आली. लक्ष्मीबाईंच्या वेळीं पंढरपूरला आगगाडी नव्हतीच. १९५४ सालीं ती सरकारच्या ताब्यांत गेली, आणि या शतकाच्या आरंभीं आमच्याकडचा रूळ रुंद झाला. एकादशीला आत्या त्या गाडीनें पंढरपूरला जाई. शिट्टी ऐकल्यावर ती वेणी घालावयास बसे. उशीर होईल म्हटलें तर म्हणे, "मी कशाला धांवूं? तीच हळू चालते."

गळालेले परिच्छेद तिच्या वहीविषयीं होते. तिच्या यजमानांचें मोडनिंबास किराणा मालाचें दुकान होतें. ते गेले, दुकान बंद झालें, आणि एक कोरी खतावणी शिल्लक उरली. तिच्यांत आत्यानें विठोबाचें खातें उघडलें. देवानें दिलें तें जमा, नेलें तें नांवें. 'म्हैस आटली, नांवें.' 'मृगाचा पाऊस वेळेवर, जमा.' 'धाकट्याला नोकरी, जमा. पण नागपुरास, म्हणून निम्मी.' दर एकादशीला ती वही पिशवींत घालून पंढरपूरला नेई आणि दर्शनाच्या रांगेंत देवाला महिन्याचा हिशेब ऐकवी. मागच्या बायका पुढें सरकावयास सांगत, ही म्हणे, "थांबा, बाकी त्याच्याकडे निघते आहे."

वहीच्या पहिल्या पानावर एक जुनी नोंद आहे. आत्याचा पहिला मुलगा सव्वा वर्षाचा होऊन गेला. मीं त्याला पाहिलेला नाहीं, घरांत त्याचें नांवही कोणी काढीत नसे. खातें उघडलें तेव्हां त्या गोष्टीला तीस वर्षें उलटलीं होतीं, तरी आरंभ तिथूनच केला आहे. तारीख आहे, पुढें 'नांवें' असें लिहिलें आहे, आणि रकमेचा रकाना कोरा आहे. त्याखालीं म्हैस.

हें सारें मीं लिहिलें होतें. मुलांना त्यांत देवाची निंदा दिसली, आणि आईची थट्टा. आईनें तें लेंकराचें दुःख पन्नास वर्षें कसें वागविलें, हें सांगणारा दुसरा कागद त्या घरांत नाहीं, हें मीं त्यांना त्या वेळींच सांगावयास हवें होतें. त्याऐवजीं मी विशेषणांचीं मुद्रितें तपासून देऊन मोकळा झालों.

स्मरणिकेची दुसरी आवृत्ति निघणार आहे असें कळतें. वहीच्या लाल पुठ्ठ्याचा फोटो हवा म्हणून आत्याच्या नातवाचा निरोप आला आहे. आंतल्या पानांचा नको, असें त्यानें स्पष्ट कळविलें आहे. वही मीं अजून पाठविलेली नाहीं.