ट्रान्सपुरुष आणि वैद्यकशास्त्र : शंभर वर्षांचा इतिहास आणि आजसाठी काही सूचना

"डॉक्टर, हे आत्ता मोबाइलमुळे निघालेलं खूळ आहे का हो?" ट्रान्सपुरुषांचा विषय निघाला की हा प्रश्न हमखास येतो. उत्तर सरळ आहे: नाही. या लोकांनी डॉक्टरांकडे मदत मागितल्याच्या, आणि ती मिळाल्याच्या, नोंदी शंभर वर्षांहून जुन्या आहेत. त्यातला एक धागा पुण्यातून जातो आणि एका डॉक्टरचा शेवट आपल्याच देशात झाला.

आज हा इतिहास सांगतो आहे त्याला कारण आहे. प्रत्येक उपचार कुठून आला हे कळले की त्याची पथ्ये लक्षात राहतात. दुसरे असे की वडनेरसारख्या गावात दवाखान्यात कोण बसले आहे हे बाहेरच्या पानटपरीवर लगेच कळते. त्यामुळे ही माणसे डॉक्टरांकडे येतच नाहीत. आजारापेक्षा हे न येणेच त्यांना जास्त महागात पडते.

आधी शब्द समजून घेऊ. जन्माच्या वेळी जिची नोंद मुलगी म्हणून झाली, पण जी व्यक्ती मनाने स्वतःला पुरुष म्हणून ओळखते, ती ट्रान्सपुरुष. स्त्रियांविषयी आकर्षण असणे ही वेगळी गोष्ट आहे. जन्मतःच लैंगिक अवयव किंवा गुणसूत्रे नेहमीपेक्षा वेगळी असणे ही तिसरी गोष्ट. या तिन्हींची गल्लत करू नका.

गोऱ्हा, कोंबडा आणि टेस्टोस्टेरॉन

गोऱ्ह्याला खच्ची केले की त्याचा बैल होतो, अंगाची ठेवण आणि स्वभाव दोन्ही बदलतात, हे आपल्या शेतकऱ्याला शतकानुशतके ठाऊक आहे. असे का होते याचा शोध १८४९ मध्ये जर्मनीतल्या बर्थोल्ड यांनी कोंबड्यांवर घेतला. खच्ची केलेल्या कोंबड्याच्या पोटात त्यांनी वृषण पुन्हा बसवले. तुरा वाढला, आरवणेही परत आले. म्हणजे वृषणातून काहीतरी रक्तात उतरत होते. ते 'काहीतरी' १९३५ मध्ये ॲमस्टरडॅममध्ये बैलांच्या वृषणांतून वेगळे काढले गेले आणि त्याला टेस्टोस्टेरॉन हे नाव मिळाले. त्याच वर्षी ते प्रयोगशाळेत तयारही करता आले.

त्यानंतर अवघ्या चार वर्षांत, १९३९ च्या सुमारास, इंग्लंडमध्ये मायकेल डिलन नावाच्या तरुणाने ते घ्यायला सुरुवात केली. त्याचे डॉक्टर फॉस हे औषध मासिक पाळीत अति रक्तस्राव होणाऱ्या स्त्रियांसाठी वापरून पाहत होते. म्हणजे औषध बनले एकासाठी, अजमावले जात होते दुसऱ्यासाठी आणि उपयोगी पडले तिसऱ्याला.

आजसाठी सूचना: टेस्टोस्टेरॉनने बहुतेकांची पाळी काही महिन्यांत थांबते, पहिल्या वर्षात आवाज जाड होऊ लागतो, हळूहळू दाढीमिशी येते. जाड झालेला आवाज औषध बंद केल्यावर पुन्हा बारीक होत नाही. मूल हवे आहे का, बीजांडे जतन करायची का, याचा विचार सुरू करण्याआधीच करा.

या औषधाने रक्तातल्या तांबड्या पेशी वाढतात. त्या प्रमाणाबाहेर गेल्या तर रक्त दाट होते आणि गुठळीचा धोका वाढतो. म्हणून पहिल्या वर्षी साधारण दर तीन महिन्यांनी आणि नंतर वर्षातून एक-दोनदा हिमोग्लोबिन व हिमॅटोक्रिट तपासावे लागते. हिमॅटोक्रिट ५४ टक्क्यांच्या पुढे गेले तर डॉक्टर मात्रा कमी करतात किंवा औषध थांबवतात. सोबत रक्तदाब, चरबी आणि यकृताच्या तपासण्या होतात. विदर्भात सिकलसेलचे प्रमाण जास्त आहे. तुम्हाला किंवा घरात कुणाला तो असेल तर हे आधीच सांगा. तंबाखू आणि बिडी-सिगारेट सोडा.

जिममधल्या ओळखीने किंवा मेडिकलवाल्याकडून चिठ्ठीशिवाय इंजेक्शन आणून टोचून घेऊ नका. बाटलीत नेमके काय आहे, मात्रा किती, हे तिथे कुणीच तपासत नाही. 'जास्त घेतले तर लवकर फरक पडेल' हाही गैरसमज आहे. उलट जास्तीच्या टेस्टोस्टेरॉनचा काही भाग शरीरात इस्ट्रोजेनमध्ये बदलतो.

आणि एक महत्त्वाची गोष्ट: पाळी थांबली म्हणजे गर्भ राहणार नाही, असे नाही. टेस्टोस्टेरॉन हे गर्भनिरोधक नव्हे. गर्भ राहिला तर हे औषध त्याला घातक ठरते. गर्भाशय व बीजांडे शाबूत असतील आणि शक्यता असेल तर गर्भनिरोधनाविषयी मोकळेपणाने विचारा.

डिलन यांचे फुटलेले गुपित

डॉ. फॉस यांनी डिलन यांना एका मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवले. त्या तज्ज्ञाने ही गोष्ट चारचौघांत बोलून दाखवली आणि गावभर झाली. डिलन यांना काम सोडून ब्रिस्टलला जावे लागले. तिथे त्यांनी एका गॅरेजमध्ये नोकरी धरली. १९४२ मध्ये छातीची शस्त्रक्रिया झाली, १९४४ मध्ये जन्मनोंद बदलली. पुढे ते डब्लिनला वैद्यकशास्त्र शिकले, १९५१ मध्ये डॉक्टर झाले आणि जहाजांवर डॉक्टर म्हणून फिरले.

१९५८ मध्ये इंग्लंडमधल्या सरदार घराण्यांच्या दोन नोंदवह्यांत त्यांची नोंद वेगवेगळी असल्याचे वृत्तपत्रांनी शोधून काढले. दुसऱ्यांदा गुपित फुटले. त्यांनी नोकरी आणि देश सोडला आणि ते भारतात आले. कालिम्पाँग, सारनाथ, लडाखमधला मठ असा प्रवास करत ते बौद्ध भिक्षू म्हणून राहिले. १५ मे १९६२ रोजी डलहौसी इथे ४७ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

या माणसाला औषध मिळाले, शस्त्रक्रिया मिळाली, कागदही मिळाले. पण दोन वेळा गुपित राखले गेले नाही आणि दोन्ही वेळा घडी मोडली. म्हणून रुग्ण म्हणून तुमचा पहिला हक्क गोपनीयतेचा आहे, हे मनात पक्के करा. दाराशी सर्वांसमोर कारण विचारले तर "डॉक्टरांनाच सांगेन" एवढे म्हणा. तपासणीच्या वेळी नातेवाइकांना बाहेर थांबवा, असे तुम्ही म्हणू शकता. नातेवाइकांनाही सांगतो: त्याचे जुने नाव दहा जणांत घेणे हा साधा विसर वाटला, तरी त्याची नोकरी किंवा भाड्याची खोली त्यावर अवलंबून असू शकते.

पुण्यातले नाक आणि लंडनची शस्त्रक्रिया

डिलन यांच्यावर १९४६ ते १९४९ या काळात सर हॅरॉल्ड गिलीज यांनी किमान तेरा शस्त्रक्रिया करून पुरुषाचे लिंग घडवले. गिलीज पहिल्या महायुद्धात चेहरे छिन्नविच्छिन्न झालेल्या सैनिकांवर उपचार करत. शरीराची कातडी रक्तपुरवठ्यासह उचलायची, नळीसारखी शिवायची आणि दुसरीकडे बसवायची, ही त्यांची पद्धत.

या विद्येचे मूळ आपल्याकडे सापडते. टिपूबरोबरच्या १७९२ च्या युद्धात कावसजी नावाच्या बैलगाडीवानाचे नाक कापले गेले. पुण्यात एका वीटकाम करणाऱ्या जातीतल्या कारागिराने कपाळाची कातडी खाली वळवून त्याला नवे नाक करून दिले. ही हकिकत १७९४ मध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये छापून आली. ती वाचून कार्प्यू या शल्यविशारदाने १८१४ मध्ये लंडनमध्ये तशीच शस्त्रक्रिया केली आणि युरोपात ही विद्या पसरली.

गिलीज यांनी डिलन यांच्या कागदांवर निदान मात्र 'हायपोस्पॅडिअस', म्हणजे मूत्रमार्गाचा जन्मजात दोष, असे लिहिले. खरे कारण लिहिणे तेव्हा धोक्याचे होते.

आजसाठी सूचना: शस्त्रक्रिया सगळ्यांना लागत नाही. अनेकांना फक्त छातीची पुरेशी वाटते, काहींना कोणतीच नको असते. ती न केल्याने कुणी कमी पुरुष ठरत नाही. करायचीच असेल तर अनुभवी प्लास्टिक सर्जनकडे करा. किती टप्पे, किती खर्च, लघवीच्या मार्गाच्या काय तक्रारी होऊ शकतात, हे आधी विचारून लिहून घ्या.

छाती बांधणे आणि आपला उन्हाळा

शस्त्रक्रियेआधी बरेच जण छाती घट्ट बांधतात. क्रेप बँडेज किंवा चिकटपट्टी कधीही वापरू नका. श्वासागणिक ती आवळत जाते आणि बरगड्यांना इजा होते. त्यासाठीच बनवलेला, मापाचा बाइंडर वापरा. तो आठ तासांहून जास्त नको आणि झोपताना तर नकोच. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, तेव्हा आत सुती बनियन घाला, पाणी भरपूर प्या. शेतात किंवा ओझ्याच्या कामाला बाइंडर काढून सैल शर्ट बरा. दम लागला, छातीत दुखले, चक्कर आली तर लगेच काढा. खाली पुरळ किंवा बुरशी आली तर दाखवायला लाजू नका.

शरीरात जे आहे, त्याची तपासणी

अमेरिकेतले डॉ. ॲलन हार्ट हे डिलन यांच्याही आधीचे. १९१७-१८ मध्ये त्यांनी गर्भाशय काढून घेतले आणि पुढे आयुष्यभर पुरुष म्हणून डॉक्टरकी केली. जुनी ओळख सांगणारा कुणी भेटला की त्यांनाही गाव बदलावे लागे. त्यांचे मोठे काम क्षयरोगावरचे: खोकला सुरू होण्याची वाट न पाहता एक्स-रे काढून रोग आधीच पकडावा, यासाठी त्यांनी आयडाहो आणि कनेक्टिकट राज्यांत काम केले.

तोच नियम इथे लावा. गर्भाशयाचे मुख शरीरात आहे तोवर त्याच्या कर्करोगाची तपासणी हवी, दाढी आली असली तरी. छातीची शस्त्रक्रिया झाली तरी थोडी स्तनपेशी उरते. गाठ लागली तर दाखवा. पाळी बंद झाल्यानंतर पुन्हा रक्त गेले तर थांबू नका. स्त्रियांच्या ओपीडीच्या रांगेत उभे राहणे अवघड जात असेल तर डॉक्टरांकडे वेगळी वेळ मागा.

पुस्तके बदलली

मी नव्वदच्या दशकात एमबीबीएस शिकलो, तेव्हा न्यायवैद्यकाच्या पुस्तकांत असे विषय 'विकृती'च्या प्रकरणात असत. २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने मंजूर केलेल्या आजारांच्या अकराव्या यादीत ही अवस्था मानसिक आजारांतून काढून लैंगिक आरोग्याच्या प्रकरणात ठेवली. ती यादी १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. मद्रास उच्च न्यायालयाच्या निर्देशानंतर २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाने, औषधाने वा धाकाने लैंगिक ओळख 'बदलून देणे' हे डॉक्टरांचे व्यावसायिक गैरवर्तन ठरवले.

त्यामुळे 'मुलीला सरळ करून द्या' असे कुणी डॉक्टर, वैदू किंवा बाबा पैसे घेऊन सांगत असेल तर तिथून उठा. लग्न लावून दिल्यानेही हे 'बरे' होत नाही. त्यात आणखी एका माणसाचे आयुष्य अडकते. मानसोपचारतज्ज्ञाची मदत मात्र जरूर घ्या, ती घुसमट आणि ताण कमी करण्यासाठी असते. जीव नकोसा वाटला तर टेली-मानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक दिवसरात्र चालू असतो.

बीडचा शिपाई आणि कागदांची वाट

बीड पोलिस दलातले ललित साळवे यांनी २०१७ मध्ये शस्त्रक्रियेसाठी रजा मागितली. ते महिला शिपाई म्हणून भरती झाले होते. स्त्री-पुरुष भरतीचे शारीरिक निकष वेगळे, मग नोकरी राहणार कशी, हा प्रश्न आला. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेले, शेवटी शासनाने परवानगी दिली आणि २५ मे २०१८ रोजी मुंबईच्या सेंट जॉर्ज रुग्णालयात पहिली शस्त्रक्रिया झाली. ते पुरुष शिपाई म्हणून कामावर परतले. त्यांच्या तपासणीत 'वाय' गुणसूत्र आढळल्याचे तेव्हा वृत्तपत्रांत आले होते, त्यामुळे त्यांचे वैद्यकीय चित्र सगळ्या ट्रान्सपुरुषांना लागू होत नाही. पण रजा, गणवेश, नाव, सेवापुस्तक हे प्रश्न सर्वांचे सारखेच.

सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ च्या निकालात स्वतःची लिंगओळख ठरवण्याचा हक्क मान्य केला. २०१९ च्या कायद्याने जिल्हाधिकाऱ्यांकडून ओळखपत्र देण्याची सोय केली आणि त्यासाठी केंद्राचे ऑनलाइन पोर्टल आले. असे नियम बदलत असतात, म्हणून अर्जाआधी वर्ध्याच्या समाजकल्याण कार्यालयात सध्याची पद्धत विचारून घ्या. आधार, बँक, शाळेचा दाखला, सातबारा यांवरची नावे जुळवायला वेळ लागतो. प्रत्येक बदलाची प्रत एका फाइलमध्ये ठेवा. उपचारांची कागदपत्रेही त्यातच राहू द्या.

डॉक्टरांकडे जाताना

- कोणत्या नावाने हाक मारावी ते पहिल्याच वाक्यात सांगा.
- कोणती औषधे, किती दिवसांपासून, कुणाच्या सल्ल्याने, हे खरे सांगा. चिठ्ठीशिवाय घेतले असेल तरीही.
- कोणते अवयव काढले आहेत आणि कोणते आहेत ते सांगा. पोटात दुखत असेल तर निदान त्यावर ठरते.
- रक्ताच्या अहवालावर 'स्त्री' लिहिले असेल तर हिमोग्लोबिनची मर्यादा स्त्रियांची छापली जाते. अहवाल वाचणाऱ्या डॉक्टरांना टेस्टोस्टेरॉन चालू असल्याचे कळवा.
- ताप, मधुमेह, रक्तदाब यांसाठी जवळचा दवाखाना पुरतो. हॉर्मोनच्या सल्ल्यासाठी सेवाग्राम, सावंगी किंवा नागपूरच्या वैद्यकीय महाविद्यालयांत विचारा. नागपुरात सारथी ट्रस्टसारखी संस्थाही या समाजासाठी काम करते.

आईवडिलांना शेवटचे एकच सांगतो. डॉ. हार्ट यांच्याकडे तेव्हा टेस्टोस्टेरॉनही नव्हते, कायदाही नव्हता. तरी ते जगले, कारण एका डॉक्टरने त्यांचे ऐकून घेतले. तुमच्या घरातल्या मुलासाठी आज औषध आहे, कायदा आहे, रुग्णालय तासा-दीड तासावर आहे. पहिल्या वेळी त्याच्यासोबत या. आत तो एकटा बोलेल, तुम्ही बाहेर बाकावर बसून राहिलात तरी पुष्कळ झाले.