तुरुंगातली बाळंतपणं

विल्यम सलिव्हन हे लिव्हरपूलच्या तुरुंगातले डॉक्टर. दारूपायी आत येणाऱ्या १२० बायकांना मुलं किती झाली आणि त्यांतली जगली किती, याची त्यांनी नोंद केली. १८९९ मध्ये छापलेल्या टिपणात हिशोब आहे: ६०० मुलं, त्यांपैकी ३३५ मृतावस्थेत जन्मलेली किंवा दोन वर्षांची व्हायच्या आत गेलेली. न पिणाऱ्या नातलग बायकांच्या मुलांत हेच प्रमाण २३.९ टक्के होतं. पिणाऱ्या आयांच्या घरी थोरल्यांपेक्षा धाकट्यांची दशा वाईट होती. आणखी एक गोष्ट सलिव्हन यांना खटकली. काही बायका दिवस गेल्यावर तुरुंगात आल्या, तिथे दारू सक्तीने सुटली, आणि त्या खेपेचं मूल धडधाकट निघालं.

दारू आणि गर्भ यांचा संबंध लोकांना त्याच्या कितीतरी आधी दिसला होता. चरकसंहितेच्या शारीरस्थानात गर्भिणीने काय टाळावं याची लांब यादी आहे. नेहमी मद्य पिणाऱ्या स्त्रीचं मूल तहानेने व्याकूळ, कमी स्मरणशक्तीचं आणि अस्थिर चित्ताचं होतं, असं त्यात म्हटलं आहे. आजच्या बालरोगतज्ज्ञालाही यातली शेवटची दोन लक्षणं ओळखीची वाटतील. पण सतत भांडणाऱ्या स्त्रीच्या मुलाला अपस्मार होतो, हेही त्याच यादीत आहे. नेमकं निरीक्षण आणि निव्वळ समजूत एकाच ओळीत बसलेली, आणि दोन्ही वेगळी काढायला हाताशी साधन नाही.

लंडनमध्ये स्वस्त जिनचा सुळसुळाट झाला, तेव्हा १७२६ मध्ये तिथल्या वैद्यांच्या कॉलेजाने पार्लमेंटकडे तक्रार केली की या दारूमुळे अशक्त, रोगट मुलं जन्माला येत आहेत. दारू गर्भात नेमकं काय करते, हे त्यांनाही सांगता येत नव्हतं.

हे ‘कसं’ गाठीशी नसल्यामुळे सलिव्हन यांचे आकडेही टिकले नाहीत. १९१० मध्ये एथेल एल्डरटन आणि संख्याशास्त्रज्ञ कार्ल पिअर्सन यांनी आकडेवारीच्याच आधारे सांगितलं की आईबापांच्या दारूचा मुलांवर फारसा परिणाम दिसत नाही. दोष गरिबीचा, आनुवंशिकतेचा की दारूचा, हा वाद मिटेना. अमेरिकेतली दारूबंदी १९३३ मध्ये उठली. त्यानंतर तर असं काही बोलणं म्हणजे दारूबंदीवाल्यांचा जुना प्रचार वाटू लागला.

मग काळ इतका उलटला की डॉक्टरच गर्भवतीला दारू देऊ लागले, तीही सलाईनमधून. मद्यार्क मेंदूतून कळा आणणाऱ्या ऑक्सिटोसिनचं स्रवणं रोखतो, त्यामुळे अवेळी सुरू झालेल्या कळा थांबतील, असा तर्क फ्रिट्झ फुक्स यांनी मांडला होता. १९६० आणि ७०च्या दशकांत ही पद्धत चांगलीच रुळली.

त्याच सुमारास, १९६८ मध्ये, फ्रान्समधल्या नाँत शहरात पॉल लमवान यांनी पिणाऱ्या आईबापांच्या १२७ मुलांचं वर्णन छापलं. फ्रान्सबाहेर त्याची दखल जवळजवळ कुणीच घेतली नाही. १९७३ मध्ये सिॲटलच्या केनेथ जोन्स आणि डेव्हिड स्मिथ यांना निरनिराळ्या घरांतल्या मुलांचे चेहरे एकसारखे दिसले: डोळ्यांच्या फटी आखूड, वरचा ओठ पातळ, नाकाखालची पन्हळ सपाट. या दोषाला त्यांनी ‘फीटल अल्कोहोल सिंड्रोम’ हे नाव दिलं.

चेहरा असाच का, याचं उत्तर उंदरांनी दिलं. १९८१ मध्ये नॉर्थ कॅरोलायनात कॅथलीन सुलिक यांनी गाभण उंदरीला सातव्या दिवशी मद्यार्क दिला आणि पिल्लांत तोच चेहरा उमटला. माणसाच्या गर्भात हा काळ तिसऱ्या आठवड्याचा, म्हणजे दिवस गेल्याचं बहुधा बाईच्या ध्यानातही आलेलं नसतं तेव्हाचा. पुढे चेहऱ्याची हाडं ज्या पेशींपासून घडतात, त्यांना दारूमुळे मरण येतं, हेही नंतर दिसलं. दारूचा रेणू लहान, त्यामुळे वार त्याला अडवत नाही. आईच्या रक्तात जेवढी, जवळपास तेवढीच बाळाच्या रक्तात. ती पचवायला बाळाचं यकृत तयार नसतं, आणि गर्भजलात उतरलेली दारू बाळ पुन्हा गिळतं.

मेंदूची गोष्ट याहून लांबते. बॉस्टनच्या मायकेल चार्नेस यांच्या प्रयोगशाळेने १९९०च्या दशकात दाखवलं की पेशींना एकमेकींशी बांधून ठेवणाऱ्या ‘एल-वन’ नावाच्या प्रथिनाची पकड दारूने सैल होते. याच प्रथिनाचं जनुक बिघडलेल्या मुलांतही मेंदूचे दोन भाग जोडणारा सेतू अपुरा राहू शकतो. २००० मध्ये इकोनोमिडू, ओल्नी आणि सहकाऱ्यांनी सात दिवसांच्या उंदराच्या पिल्लांना मद्यार्क दिला. त्याने चेतापेशींचा एक संकेत दाबला, दुसरा वाढवला, आणि त्या पेशी मोठ्या संख्येने आपणहून मरू लागल्या. माणसाच्या मेंदूचा हा टप्पा साधारण शेवटच्या तीन महिन्यांत येतो. कळा थांबवायला सलाईनमधून दारू दिली जायची, तीही त्याच महिन्यांत.

सलिव्हन यांच्या कोड्यातला एक धागा इथे सुटतो. चेहरा तिसऱ्या आठवड्याच्या आसपास ठरून जातो, मेंदू मात्र पुढे सगळे महिने घडत असतो. मधल्या एखाद्या महिन्यात लिव्हरपूलच्या तुरुंगाचं दार बंद झालं, तर त्या आईच्या पोटातल्या मेंदूचं बरंच काम तेव्हा व्हायचंच होतं.