वरिंगिनाचा गृहप्रवेश

रोपवाटिकेंतून हौसेनें आणलेलें बेंजामिनाचें रोप दिवाणखान्यांत ठेवावें आणि पंधरा दिवसांच्या आंत त्याच्या हिरव्यागार पानांचा फरशीवर सडा पडावा, हा अनुभव आज शहरांतील पुष्कळ कुटुंबांस परिचयाचा झाला आहे. घरांतील कोणी तरी म्हणतें, पाणी कमी पडलें; मग दोन तांबे अधिक पडूं लागतात. पानें आणखी गळतात, पाणी आणखी वाढतें, आणि शेवटीं मुळें कुजून रोप खरोखरच मरतें. जगविण्यासाठीं केलेला उपायच त्याच्या मुळावर येतो! या पानगळीचें खरें कारण नीट उमगावयास विसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडावा लागला. इतका उशीर कां लागला, हें समजण्यास या झाडाचा पूर्वेतिहास पाहिला पाहिजे.

हें झाड आपल्या वड, पिंपळ व उंबर यांच्याच कुळांतलें. स्वतः उष्ण कटिबंधांत कधींही पाऊल न ठेवलेल्या लिनियसनें 1767 सालीं त्याला फायकस बेंजामिना हें शास्त्रीय नांव दिलें. परंतु भारतापासून आस्ट्रेलियाच्या उत्तर भागापर्यंत पसरलेल्या या वृक्षाचा खरा मानमरातब पाहावयाचा तर जावा बेटांत गेलें पाहिजे. तेथें त्याला वरिंगिन अथवा बेरिंगिन म्हणतात. 1755 सालच्या गियांतीच्या तहानें मातारामचें राज्य दुभंगलें व योग्याकार्ता येथें सुलतानाची नवी गादी स्थापन झाली. तेथील राजवाड्यासमोरच्या विस्तीर्ण पटांगणांत मधोमध दोन वरिंगिन वृक्ष भिंतीचें कुंपण घालून राखलेले आहेत, आणि त्यांना मनुष्याप्रमाणें आदरार्थी नांवें आहेत. त्यांसह पटांगणांत एकंदर 64 वरिंगिन लावण्याची योजना होती. ही संख्या जावानी कालगणनेप्रमाणें पैगंबरांच्या वयाची द्योतक मानतात. ज्या रयतेला अधिकाऱ्यांकडून न्याय मिळत नसे, तिच्यापैकीं कोणीही पांढरीं वस्त्रें परिधान करून या दोन वृक्षांपाशीं भर उन्हांत मुकाट्यानें बसावें, आणि सुलतानाची दृष्टि जातांच त्यानें त्याला बोलावून घ्यावें, असा तेथें प्रघात होता. त्याला 'पेपे' म्हणत. इंडोनेशिया स्वतंत्र झाल्यावर 1950 सालीं जें राष्ट्रचिन्ह स्वीकारण्यांत आलें, त्यांत गरुडाच्या वक्षःस्थळावरील ढालींत राष्ट्राच्या ऐक्याचें प्रतीक म्हणून हाच वृक्ष कोरलेला आहे. सांगावयाचें तें इतकेंच कीं, हा वृक्ष मूळचा उघड्या आभाळाखालचा. दुसऱ्यांवर छाया धरावी हा त्याचा धर्म, छायेंत बसणें नव्हे.

युरोपीय पंडितांस तो प्रथम ग्रंथांतूनच भेटला. डच कंपनीचा सेवक रुम्फियस यानें अंबोन बेटांत राहून 'वरिंगा' वृक्षांचें वर्णन लिहून ठेविलें. या पुरुषाची चिकाटी विलक्षण खरी. 1670 त त्याची दृष्टि गेली, 1674 च्या भूकंपांत बायको व मुलगी दगावली, 1687 त चित्रें आगींत जळालीं, आणि 1692 त पहिल्या हस्तलिखिताला घेऊन निघालेलें जहाज बुडालें. सुदैवानें त्याची एक नक्कल मागें राहिली होती. 1702 त तो वारला आणि ग्रंथ छापूं लागला तो 1741 पासून!

जिवंत रोपें समुद्रापार नेणें मात्र पुस्तकें नेण्याइतकें सोपें नव्हतें. खाऱ्या वाऱ्यानें तीं वाटेंतच मरत. ही अडचण दूर केली ती लंडनच्या नॅथॅनियल वॉर्ड नांवाच्या एका डॉक्टरानें. कोळशाच्या धुरामुळें त्याचीं नेच्याचीं झाडें जगत नसत. 1829 सालीं पतंगाचा कोश ओल्या मातींत घालून त्यानें तो झांकलेल्या बाटलींत ठेविला असतां मातींतून एक नेचा आपोआप उगवला, आणि तो बंद बाटलींतच वाढूं लागला. 1833 त त्यानें अशाच दोन कांचेच्या पेट्या सिडनीस धाडल्या. आंतील रोपें सुखरूप पोंचलीं. पुढें रॉबर्ट फॉर्च्यून यानें चीनमधील चहाचीं रोपें हजारोंच्या संख्येनें हिमालयाच्या पायथ्याशीं आणलीं तीं अशाच पेट्यांतून. म्हणजे आपल्या सकाळच्या पेल्यावरही या बाटलीचें थोडें ऋण आहे.

पेटीमुळें वनस्पतींचा प्रवास निर्वेध झाला, पण घरांत टिकाव लागण्यास आणखी एक शत्रु होता: दिव्याचा धूरवायु. एकोणिसाव्या शतकांत जमिनीखालील नळ्या फुटून हा वायु सुटला कीं रस्त्यावरचे वृक्ष पानें टाकीत, असें आढळून आलें होतें. 1901 सालीं सेंट पीटर्सबर्ग येथील नेल्युबोव्ह यानें वाटाण्याच्या रोपांवर प्रयोग करून दाखविलें कीं, धूरवायूंतील वनस्पतींवर परिणाम करणारें द्रव्य म्हणजे एथिलीन. आणि बेंजामिना एथिलीनच्या बाबतींत मोठा हळवा. व्हिक्टोरिया राणीच्या काळच्या दिवाणखान्यांत ॲस्पिडिस्ट्रासारखीं निबर झाडेंच प्रामुख्यानें दिसत, त्याचें एक कारण हेंच असावें, असा आमचा तर्क आहे.

विजेचे दिवे आले, धूरवायु गेला, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर कांचेच्या भिंतींच्या कचेऱ्या व हॉटेलें उभीं राहिलीं. त्यांच्या उंच दालनांस शोभेल असें डौलदार, खालीं झुकलेल्या फांद्यांचें झाड हवें होतें. तें फ्लॉरिडांतल्या उघड्या शेतांत भर उन्हांत झपाट्यानें वाढे. परंतु उत्तरेकडील कचेऱ्यांत पोंचतांच पानें टाकी. व्यापारी हवालदिल झाले. कित्येक पिढ्या घरोघरच्या लोकांनीं आपापल्या कुंड्यांपुढें बसून जो प्रश्न विचारला असेल, त्याची शास्त्रीय तड लावण्यास व्यापाऱ्यांचें नुकसान व्हावें लागलें, हें थोडें खेदजनकच आहे. असो. 1970 नंतरच्या दशकांत फ्लॉरिडा विद्यापीठाच्या अपॉपका येथील केंद्रांत चार्ल्स कोनोव्हर व रिचर्ड पूल यांनीं हा प्रश्न हातीं घेतला.

मुख्य दोष पाण्याचा नव्हता, प्रकाशाचा होता. भर दुपारच्या उन्हांत सुमारें 1,00,000 लक्स प्रकाश असतो. खिडकीपासून दूर, खोलीच्या मध्यावर 500 लक्सही क्वचितच. उन्हांत वाढलेलें पान जाड असतें व त्याचा स्वतःचा खर्चही मोठा. अंधाऱ्या खोलींत त्याची कमाई खर्चाला पुरत नाहीं, आणि झाड तें टाकून देतें. सांवलींत उगवलेलें पान पातळ, रुंद, अधिक हिरवें आणि थोडक्या प्रकाशांत भागविणारें असतें. म्हणून झाड विकण्यापूर्वीं कांहीं महिने जाळीच्या सांवलींत ठेवावें, खत कमी द्यावें, म्हणजे तें घरांतल्या राहणीला आधींच सरावतें, असें त्यांच्या प्रयोगांतून सिद्ध झालें.

पानें गळालेलें झाड पाणीही कमीच पितें, हें येथें ध्यानांत घेतलें म्हणजे त्या दोन जादा तांब्यांनीं काय होतें तें उघड होईल. वरची माती बोटभर कोरडी झाल्यावांचून पाणी देऊं नये. कुंडी पूर्वेच्या खिडकीजवळ, थंड हवेच्या यंत्राच्या झोतापासून दूर ठेवावी, आणि एकदां ठेवली कीं रोज जागा बदलूं नये. छाटणी करतांना चीक अंगाला लागूं देऊं नये. याच्या अंशांनीं कित्येकांना शिंका व दमा जडतो, असें 1985 च्या सुमारास स्वीडनमध्यें निदर्शनास आलें. हें झाड घरांतील हवा शुद्ध करतें ही समजूत मात्र सोडून द्यावी. 1989 च्या ज्या अमेरिकन प्रयोगावर ती उभी आहे, तो बंद पेटींतला होता. 2019 सालच्या फेरतपासणींत असें दिसलें कीं, खिडकी उघडल्यानें होणारें काम झाडांकडून करून घ्यावयाचें तर दर चौरस मीटरला निदान दहा कुंड्या मांडाव्या लागतील. मग माणसांनीं बसावें कोठें?

धीर धरणाऱ्याच्या घरीं कांहीं आठवड्यांनीं उघड्या फांद्यांवर फिकट पोपटी कोंब दिसूं लागतात. हीं पानें त्या खोलींतच जन्मलेलीं असल्यामुळें तेथें टिकतात; मात्र कौतुकानें तें झाड एकदम गच्चीवरच्या उन्हांत नेलें तर तींच दोन दिवसांत करपतात.